साखरेवर बोट ठेवणारे डॉ. युडकिन

वजन किंवा शुगर सांभाळणाऱ्या घरात काही वस्तू हमखास सापडतात. फळांच्या स्वादाचे लो-फॅट दही, न्याहारीची मुसली, डायजेस्टिव्ह बिस्किटांचा पुडा, 'डाएट' चिवड्याचे पाकीट. तूप बंद, साय बाजूला, तळण महिन्यातून एकदा. तरीही वजन हलत नाही आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट, म्हणजे एचबीएवनसी, काही खाली येत नाही. अशा वेळी पाकीट उलटे करून मागचा बारीक मजकूर वाचायला हवा. आज ही गोष्ट प्रत्येक आहारतज्ज्ञ सांगतो. पण पन्नासेक वर्षांपूर्वी स्निग्ध पदार्थांऐवजी साखरेकडे पाहा असे म्हणणाऱ्या एका नामवंत प्राध्यापकाची शास्त्राच्या वर्तुळात चेष्टा झाली होती. त्यांचे नाव डॉ. जॉन युडकिन.

युडकिन यांचा जन्म ८ ऑगस्ट १९१० रोजी लंडनच्या ईस्ट एंड भागात झाला. रशियातल्या ज्यूविरोधी दंगलींतून जीव वाचवून आलेले हे कुटुंब. जॉन सहा वर्षांचा असताना वडील गेले आणि आईने पाच मुलगे गरिबीत वाढवले. मुलगा हुशार होता, शिष्यवृत्त्यांवर शिकत गेला. शाळा, पॉलिटेक्निक आणि मग थेट केंब्रिज. तिथे मार्जरी स्टीफन्सन या मोठ्या जीवरसायनतज्ज्ञ बाईंच्या हाताखाली त्यांनी एन्झाइमवर संशोधन केले. सूक्ष्मजीवाला एखादी वेगळी साखर खायला दिली, की ती पचवणारे एन्झाइम तो नव्याने तयार करू लागतो, हा त्या कामाचा विषय. याच वाटेने पुढे जात फ्रान्सच्या जाक मोनो यांना १९६५ मध्ये नोबेल मिळाले. युडकिन मात्र तोवर दुसरीकडे वळले होते. संशोधन चालू असतानाच त्यांनी वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला आणि डॉक्टर झाले.

दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या वैद्यकीय सेवेत पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन येथे होते. तिथल्या स्थानिक सैनिकांमध्ये त्वचेचा एक आजार पसरला होता. संसर्ग असावा असा सगळ्यांचा समज. युडकिन यांनी तपासले तेव्हा तो जीवनसत्त्वाच्या, नेमके सांगायचे तर रायबोफ्लेविनच्या, कमतरतेमुळे होत असल्याचे दिसले. गंमत अशी, की कागदावर या सैनिकांचा शिधा अगदी समतोल होता. लष्कराने पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्या ब्रिटिश वसाहतींना एकच तक्ता लावला होता आणि त्यात रायबोफ्लेविन मुख्यतः बाजरीसारख्या भरडधान्यातून मिळणार होते. सिएरा लिओनच्या माणसांना हे धान्य खायची सवयच नव्हती. ते उपाशी राहत, पण ते खात नसत. आहाराचा तक्ता आणि माणसाच्या ताटात प्रत्यक्ष पडणारे अन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे युडकिन यांनी तिथे पाहिले. त्यांच्या पुढच्या कामावर या अनुभवाची छाप स्पष्ट दिसते.

१९४५ मध्ये लंडनच्या एका महाविद्यालयात ते शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. ही संस्था मुख्यतः मुलींना गृहविज्ञान शिकवणारी; पुढे १९५३ मध्ये तिचे नाव क्वीन एलिझाबेथ कॉलेज झाले. तिथे त्यांनी पोषणशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभारला आणि या विषयाची विद्यापीठीय पदवी सुरू केली. त्या काळी आहार हा विषय वैद्यकशास्त्राच्या कोपऱ्यात पडलेला होता. जीवनसत्त्वे सापडली, कमतरतेचे आजार कळले, आता उरले काय, अशी वृत्ती होती. आणि नेमक्या त्याच वेळी इंग्लंडचे ताट बदलत होते. युद्धकाळात सुरू झालेले साखरेचे रेशनिंग १९५३ मध्ये उठले, पुढच्या वर्षी बाकीचेही उठले, दुकाने केक, चॉकलेट आणि सरबतांनी भरून गेली. कमी खाण्याचे आजार मागे पडून जास्त खाण्याचे आजार पुढे आले.

आपल्याकडे त्याच वर्षांत अगदी निराळे चित्र होते. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील सहकारी साखर कारखाना उभा करत होते आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. दुष्काळी भागाला उसाने पैसा दाखवला. साखरपुड्यापासून पेढ्यांपर्यंत साखर ही आनंदाची खूण. इंग्रजी 'शुगर' हा शब्दसुद्धा संस्कृत 'शर्करा'वरून फिरत फिरत गेलेला. अशा पदार्थावर संशय घेणे इंग्लंडात अवघड होते, तर महाराष्ट्रात किती असेल याची कल्पना करावी.

युडकिन यांनी १९५८ मध्ये वजन कमी करण्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. सामान्य माणसाने साखर आणि पिष्टमय पदार्थ आवरावेत, बाकी पोटभर खावे, असा त्याचा गाभा. पिष्टमय पदार्थ कमी केले की स्निग्ध पदार्थही आपोआप कमी होतात, असा त्यांचा युक्तिवाद होता, कारण पाव गेला की त्यावरचे लोणी जाते. आपल्या भाषेत सांगायचे तर गरम भात ताटात नसेल, तर तुपाची वाटी तशीच राहते. यातला व्यवहार त्यांनी बरोबर ओळखला होता.

खरा वाद मात्र हृदयविकारावरून पेटला. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि हा आजार घराघरात चर्चेचा झाला. मिनेसोटा विद्यापीठाचे अ‍ॅन्सेल कीज यांनी त्याआधीच सहा देशांचा एक आलेख मांडला होता. जिथे आहारात स्निग्धांश जास्त, तिथे हृदयविकाराचे मृत्यू जास्त, अशी सरळ वर चढणारी रेघ. कीज धडाडीचे, बोलण्यात तिखट आणि प्रसिद्धीत वाकबगार होते. १९६१ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र आले.

युडकिन यांनी १९५७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात याच प्रकारची आकडेवारी तपासली. जास्त देश घेतले की कीज यांची सुबक रेघ विस्कटते, हे त्यांनी दाखवले. साखरेशी नाते थोडे बरे जुळत होते, पण तेही पक्के नव्हते. मग त्यांनी एक मिस्कील गोष्ट केली. ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे मृत्यू ज्या गतीने वाढले, त्या गतीशी सर्वांत चांगला मेळ कशाचा बसतो हे पाहिले. उत्तर आले: नोंदणी झालेल्या रेडिओ आणि टीव्ही संचांचा! रेडिओ ऐकल्याने हृदय बंद पडत नाही, हे कोणीही सांगेल. दोन गोष्टी बरोबरीने वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे त्यांना सांगायचे होते. संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकवावे असे हे उदाहरण आहे. दुर्दैव असे, की पुढे त्यांच्यावरही हाच बाण उलटला.

त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत साखरेवरचा त्यांचा संशय बळावत गेला. साधी साखर म्हणजे सुक्रोज. पोटात गेल्यावर तिचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळ्या शरीराला चालते. फ्रुक्टोजचा निपटारा बहुतांश यकृताला करावा लागतो, आणि त्याचा लोंढा आला की यकृत त्याची चरबी बनवू लागते. युडकिन यांनी उंदीर, कोंबड्या आणि स्वेच्छेने तयार झालेले विद्यार्थी यांना भरपूर साखरेचा आहार देऊन पाहिले. रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढले, काही जणांत इन्शुलिनही वाढले. झटका येऊन गेलेल्या रुग्णांना त्यांनी पूर्वीच्या खाण्याबद्दल विचारले, तेव्हा निरोगी माणसांपेक्षा त्यांचे साखरेचे प्रमाण बरेच जास्त निघाले.

इथे त्यांची बाजू कच्चीही होती, हे सांगितले पाहिजे. त्यांच्या रुग्णांची संख्या लहान होती. इतर संशोधकांनी, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या गटानेही १९७० मध्ये, तसाच अभ्यास केला तेव्हा तेवढा फरक दिसला नाही. शिवाय सिगारेट ओढणारे चहा-कॉफी जास्त पितात आणि त्यातून साखर जास्त घेतात. मग दोष धुराचा की साखरेचा? कीज यांनी १९७१ मध्ये एका दीर्घ लेखात हे सगळे मुद्दे काढून युडकिन यांच्यावर झोड उठवली. मुद्दे काही अंशी रास्त होते, सूर मात्र शास्त्रीय वादाला शोभणारा नव्हता. त्या काळी हृदयविकारावर कीज यांचा शब्द चाले. संशोधनाचा निधी देणाऱ्या समित्या, हृदयसंस्था, नियतकालिके सगळीकडे त्यांच्या मताची माणसे होती.

युडकिन १९७१ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या प्राध्यापकांचा कल स्निग्धांशाच्या सिद्धान्ताकडे होता. निवृत्तीनंतर कॉलेजात काम करू देण्याचे जे ठरले होते, तेही फिरले. ज्या माणसाने विभाग उभा केला, त्याला एका खोलीसाठी वकिलाचे पत्र पाठवावे लागले. १९७२ मध्ये त्यांचे 'प्युअर, व्हाइट अँड डेडली' हे पुस्तक आले. नावातच साखर शुद्ध, पांढरी आणि घातक असल्याचे जाहीर केलेले. पुस्तक सामान्य वाचकासाठी लिहिलेले, सोपे आणि खुसखुशीत. खपले, अनेक भाषांत गेले, पण शास्त्रज्ञांच्या जगात त्यांचे नाव आणखी घसरले. साखर उद्योगाच्या एका जागतिक संस्थेने या पुस्तकाला विज्ञान-कादंबरीच्या पंगतीत बसवले. युडकिन यांनी बदनामीचा दावा लावला आणि संस्थेला ते विधान मागे घ्यावे लागले. परिषदांची निमंत्रणे मात्र कमी होत गेली. साखरेवर ठाम बोलणाऱ्या तरुण संशोधकाला 'तुझा युडकिन होईल' अशी भीती वाटावी, असे वातावरण पुढे बरीच वर्षे राहिले.

पडद्यामागे काय चालले होते, ते उघड व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या क्रिस्टिन कर्न्स या मूळच्या दंतवैद्य. त्यांनी जुने पत्रव्यवहार धुंडाळले. अमेरिकेतल्या शुगर रिसर्च फाउंडेशनने १९६५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांना साडेसहा हजार डॉलर देऊन एक आढावा लिहून घेतला होता, असे त्यांतून दिसले. हा आढावा १९६७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. त्यात साखरेविरुद्धचे पुरावे कडक कसोटीला लावले होते, स्निग्धांशाविरुद्धचे बरेच सैल. पैसे कोणी दिले याचा उल्लेख नव्हता. त्या काळी तसा नियमही नव्हता. आढावा लिहिणाऱ्यांपैकी मार्क हेगस्टेड पुढे अमेरिकी सरकारच्या आहारविषयक धोरणातले महत्त्वाचे नाव झाले. एका आढाव्याने सगळे शास्त्र फिरले असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण तराजूच्या एका पारड्यावर बोट होते, एवढे नक्की.

१९७७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने आणि १९८३ मध्ये ब्रिटनच्या तज्ज्ञांनी जनतेला स्निग्धांश कमी करायला सांगितले. अमेरिकेच्या सल्ल्यात साखर कमी करा असेही होते, पण लोकांच्या आणि कंपन्यांच्या लक्षात राहिले ते पहिलेच. 'लो-फॅट' हा शब्द विकला जाऊ लागला. आता स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे, की साय आणि तूप काढून घेतले की पदार्थाची चव जाते, तोंडात फिरणारा मऊपणा जातो. तो भरून काढायला कारखान्यात स्टार्च, घट्ट करणारे पदार्थ आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणून साखर घातली जाते. १ ग्रॅम चरबीतून ९ कॅलरी मिळतात आणि १ ग्रॅम साखरेतून ४, म्हणून हिशेबात पदार्थ थोडा हलका दिसतोही. पण माणूस तो पथ्याचा समजून दोन वाट्या खातो.

भाईंदरकडून मुर्धा, राई, मोरवा या गावांकडे जाणाऱ्यांना मिठागरे नवी नाहीत. मिठाचा ढीग पांढरा, उघडा, लांबून दिसणारा. डब्यातल्या दह्यात विरघळलेली साखर अशी दिसत नाही, ती फक्त मागच्या तक्त्यात असते.

त्या तक्त्याचे भारतातले नियम आता बरे आहेत, वाचणारा हवा. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, नियमानुसार घन पदार्थात १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमपर्यंत स्निग्धांश असेल तर त्याला 'लो-फॅट' म्हणता येते. या व्याख्येत साखरेचा हिशेबच नाही. गुढीपाडव्याची साखरगाठी आणि देवळातले बत्तासे घ्या. त्यांत स्निग्धांश जवळजवळ शून्य, म्हणजे निव्वळ या कसोटीवर तेही लो-फॅटच! 'शुगर-फ्री' म्हणायला १०० ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमच्या आत हवी, आणि 'लो-शुगर'साठी घन पदार्थात ५ ग्रॅमपर्यंत. 'डाएट', 'फिट', 'मल्टिग्रेन', 'पौष्टिक' हे शब्द साखरेबद्दल काहीच सांगत नाहीत.

पोषणाच्या तक्त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर अशा दोन ओळी असतात. समजा फळांच्या स्वादाच्या दह्यात १०० ग्रॅममागे एकूण साखर १४ ग्रॅम आहे. त्यातली साधारण ४ ते ५ ग्रॅम दुधाची स्वतःची, लॅक्टोज; ती काळजीची नाही. उरलेली ९-१० ग्रॅम, म्हणजे दोन चहाचे चमचे, बाहेरून आलेली. हेच दही घरी विरजले असते तर ती शून्य असती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार अशी साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या. २,००० कॅलरी खाणाऱ्याला १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. मध आणि फळांचा रसही या हिशेबात धरायचा, हे पुष्कळांना माहीत नसते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिल्या तीन नावांत साखर दिसली तर पाकीट परत फळीवर ठेवावे, असा साधा नियम सांगितला जातो. उत्पादकही तो ओळखून आहेत. एकाच पदार्थात थोडी साखर, थोडे लिक्विड ग्लुकोज, थोडे इन्व्हर्ट सिरप, थोडा माल्ट अर्क, थोडा मध असे वाटून घातले की प्रत्येक नाव यादीत खाली सरकते. बेरीज तेवढीच राहते. माल्टोडेक्स्ट्रिन हा तर आणखी वेगळा प्रकार. तो साखरेच्या ओळीत मोजला जात नाही, पण रक्तातले ग्लुकोज झपाट्याने वाढवतो. मधुमेह्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. सणासुदीला मिळणाऱ्या 'शुगर-फ्री' मिठाईतही खवा, मैदा आणि तूप असतेच. साखर नाही म्हणून चार तुकडे खाल्ले तर ग्लुकोमीटर ऐकून घेत नाही.

हे सगळे भारतासाठी का महत्त्वाचे, ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत दिसते. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यातल्या अनेकांना डॉक्टर सांगतात, गोड कमी करा. ते चहातली साखर सोडतात, लाडू सोडतात आणि भूक लागली की पथ्याचे म्हणून डायजेस्टिव्ह बिस्किटे खातात. त्यात साखरही असते आणि स्निग्धांशही. त्या जागी मूठभर फुटाणे, एक पेरू किंवा वाटीभर ताक स्वस्तही पडते.

युडकिन यांनी १९८६ मध्ये आपल्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढली. १२ जुलै १९९५ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, ते वारले. तोपर्यंत लो-फॅटची लाट जगभर पसरली होती, आणि पुस्तक पुढे बाजारातून गेले. आज मागे वळून पाहताना त्यांचे सगळे खरे ठरले असे म्हणता येत नाही. संपृक्त चरबीने रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि त्याने हृदयविकार होतो, हे कीज यांच्या बाजूचे म्हणणे भक्कम पुराव्यावर उभे आहे. युडकिन यांनी त्याला फार कमी लेखले. म्हणून साखर सोडली की वनस्पती तूप आणि तळण मोकळे, असा अर्थ त्यांच्या चरित्रातून कुणी काढू नये. पण जास्त साखर, यकृतावरची चरबी, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि इन्शुलिनला न जुमानणारे शरीर यांची त्यांनी लावलेली साखळी आता कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. त्यांच्याकडे ती सिद्ध करण्याची साधने नव्हती.

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट लस्टिग लहान मुलांमधल्या लठ्ठपणावर काम करत होते. फ्रुक्टोज आणि यकृत यांच्यावर स्वतंत्रपणे विचार करत ते जवळपास त्याच निष्कर्षावर आले. ऑस्ट्रेलियातल्या एका परिषदेत कुणीतरी त्यांना विचारले, युडकिन वाचला आहेत का? त्यांनी नावही ऐकले नव्हते. पुस्तक दुकानात मिळेना. शेवटी ग्रंथालयांच्या देवाणघेवाणीतून एक जुनी प्रत त्यांच्या हाती आली. २००९ मधल्या त्यांच्या साखरेवरच्या व्याख्यानात युडकिन यांचे नाव आले, ते व्याख्यान इंटरनेटवर लाखो लोकांनी पाहिले, आणि २०१२ मध्ये लस्टिग यांच्या प्रस्तावनेसह ते पुस्तक ४० वर्षांनी पुन्हा दुकानात आले.